निंबटाकळीच्या बारवेतलं भुयार आणि अर्धं पोतं गुलाल

जानेवारीतला बुधवार होता. दुकानात एका बारशाच्या फ्लेक्सवरची नावं तपासत होतो, तेवढ्यात मोबाइलवर निरोप आला. "सर, तुमचा लेख वाचून गावानं निर्णय घेतला आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता जेसीबी लावून भुयार उघडणार. प्रमुख पाहुणे म्हणून आपण यावे. शाल-श्रीफळ ठेवले आहे. – बालाजी, निंबटाकळी."

मला सर म्हणणारं कोणी नाही. गंगाखेडला फ्लेक्सच्या दुकानात मी टायपिंग करतो. बी.ए.चं पहिलं वर्ष अर्ध्यात सुटलं ते सुटलंच. शुद्धलेखन तेवढं बरं आहे, म्हणून मालक ठेवून आहेत. सुट्टीला जिल्ह्यातल्या बारवा बघत फिरतो, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरायच्या जुन्या दगडी विहिरी, आणि जे पाहिलं ते या ब्लॉगवर लिहितो.

निंबटाकळीच्या बारवेवर मी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं. (गावाचं नाव आणि माणसांची नावं बदलली आहेत, रस्ता खरा आहे.) त्यात एक वाक्य असं होतं: "जाणकारांच्या मते बारवेतील हे भुयार थेट किल्ल्यापर्यंत जाते आणि संकटकाळी राजघराण्यातील स्त्रिया व खजिना यातून हलवला जात असे." हे जाणकार म्हणजे जिंतूरचा एक रिक्षावाला आणि बारवेच्या काठावर तंबाखू मळत बसलेला एक माणूस. किल्ला कोणता, हे मी दोघांनाही विचारलं नव्हतं. या ब्लॉगवर सगळ्यांत जास्त वाचला गेलेला लेख तोच आहे.

त्यानंतर मी आणखी आठ-दहा बारवा पाहिल्या. प्रत्येकीच्या भिंतीत कुठं ना कुठं एक भोक होतं आणि प्रत्येक गावात त्याला भुयार म्हणत होते. सगळ्या भुयारांतून घोडा जायचा. एवढी भुयारं खरी असती तर परभणी जिल्हा आतून पोकळ निघाला असता. पण भुयार नाही तर मग ते काय आहे, हेही मला माहीत नव्हतं. फक्त एवढं समजत होतं, की चुना न वापरता एकावर एक बसवलेल्या दगडांच्या भिंतीत जेसीबीचा दात घातला तर भिंत राहणार नाही, आणि ते माझ्या एका वाक्यामुळं होणार.

येतो म्हणून कळवलं. फक्त रविवारऐवजी शनिवारीच निघालो.

शनिवार

गंगाखेडहून परभणीला रेल्वे स्वस्त आणि बरी. पॅसेंजर वेळेवर असेल तर सकाळी नऊच्या आत परभणीत उतरता येतं. वेळेवर नसेल तर एसटी धरावी. तिकीट जास्त आहे, पण मन शांत राहतं. स्टेशनबाहेर सुशीला खाल्ली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची आणि शेंगदाण्याची फोडणी दिली की झाली सुशीला. पोह्यांपेक्षा हलकी असते आणि प्रवासात त्रास देत नाही. तिथून रिक्षानं बसस्टँड आणि जिंतूरची गाडी. सव्वा तास लागतो. डावीकडं बसावं, सकाळी ऊन लागत नाही.

पुढच्या सीटवर धोतर नेसलेले एक काका आणि कॉलेजची बॅग घेतलेली एक मुलगी बसली होती. रस्त्याकडेचं काळ्या दगडाचं एक पडकं देऊळ मागं गेलं तेव्हा काका म्हणाले, "हे एका रातीत बांधलेलं हाय. कोंबडा आरवला म्हणून कळस ऱ्हायला."

मुलगी म्हणाली, "आमच्या गल्लीत एका रातीत गटाराचा पाइपसुद्धा पडत न्हाई."

"तवाची माणसं येगळी होती, बाई. बारा-बारा फुटाची."

"मंग काका, देवळाचा दरवाजा एवढासा कामून? बारा फुटाचा माणूस रांगत जायचा का?"

काकांनी थोडा विचार केला. "देवापुढं वाकूनच जावं लागतंय," असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. मी ते संभाषण वहीत उतरवलं. दोघांपैकी कोण हरलं, ते जिंतूरपर्यंत ठरवता आलं नाही.

जिंतूरहून येलदरी रस्त्याला शेअर रिक्षा मिळतात, पण भरल्याशिवाय हलत नाहीत. निंबटाकळीच्या फाट्यावर उतरलं की दोन किलोमीटर आत चालावं लागतं. खडीचा रस्ता आहे, चप्पल नको, बूट घाला. दोन्ही बाजूंना तूर वाळली होती, मधेमधे हरभरा हिरवा होता. गावात शिरताना पहिल्यांदा दिसला तो माझाच चेहरा. ब्लॉगवरचा फोटो मोठा करून फ्लेक्सवर लावला होता आणि खाली लिहिलं होतं: "सुप्रसिद्ध इतिहास संशोधक यांचे सहर्ष स्वागत." मी रस्त्याच्या कडेला उभा राहून बाटलीतलं निम्मं पाणी पिऊन टाकलं.

बालाजी तिशीचा असेल. किराणा आणि मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, गावातल्या तरुण मंडळाचं सगळं तोच बघतो. मला बघून तो गल्ल्यावरून उठलाच. "सर, तुमी तर आजच आलात. बरं झालं. चला, आधी बारव."

बारव गावाच्या वरच्या अंगाला, उतारावर आहे. तीन बाजूंनी सरळ भिंती आणि चौथ्या बाजूनं पायऱ्या. मी पायऱ्या तीनदा मोजल्या. एकदा एक्केचाळीस भरल्या, एकदा त्रेचाळीस, एकदा बेचाळीस. तळातल्या काही पाण्याखाली असल्यामुळं असं होत असावं. तुम्ही गेलात तर मोजून कळवा. वरून बारा पायऱ्या उतरल्यावर पूर्वेच्या भिंतीत ते भोक दिसतं. तीन वर्षांपूर्वी मी ते काठावरूनच पाहून लिहिलं होतं. या वेळी टेप नेली होती. रुंदी दीड फूट, उंची दोन फूट.

"बालाजीभाऊ, यातून घोडा कसा जायचा?"

"आत मोठं असंल ना, सर. तोंड मुद्दाम बारकं ठिवलंय, शत्रूला कळू नये म्हणून. म्हणूनच तर जेसीबी सांगितलाय. तोंड मोठं करायचं, की माणूस आत जातोय."

मोबाइलची बॅटरी आत धरली. दोन हातांवर गाळ दिसला आणि त्याच्यापुढं अंधार. खालच्या दगडाला मधोमध खोलगट घळ पडली होती, गुळगुळीत. चालून दगड असा झिजतो का? मला माहीत नाही. परवानगीचं विचारलं, तर बालाजी म्हणाला की ही बारव संरक्षित वास्तूंच्या कुठल्याच यादीत नाही, त्यानं विचारून घेतलंय. खरंखोटं मी तपासू शकलो नाही.

बारवेच्या खालच्या बाजूला मेथी आणि कांद्याचे वाफे होते. तिथं मोटारीजवळ एक पन्नाशीच्या बाई पाइप धुवत होत्या. बालाजीला दुकानातून फोन आला म्हणून तो वर गेला, तशा त्या माझ्याकडं वळल्या.

"हेच का ते भुयारवाले?"

मी नमस्कार केला.

"तुमच्या भुयारापायी माझी मेथी जायलीय. बघून घ्या, उंद्या दिसायची न्हाई."

त्यांचं नाव गयाबाई. बारवेखालचे दहा-बारा गुंठे त्यांचे आहेत. अर्ध्या एचपीच्या मोटारीनं बारवेचं पाणी घेऊन त्या भाजी करतात आणि जिंतूरच्या बाजारात नेतात. गावातले नळ उन्हाळ्यात आठवड्याला एकदा येतात, तेव्हा खालची पूर्ण वस्ती याच बारवेवर असते. भिंत पाण्यात पडली की बारव बुजणार, इतकं त्यांना सरळ दिसत होतं.

"मग तुम्ही गावात बोलला नाहीत?"

"बोलले की. तर म्हणतेत, गयाबाई नगं म्हणती म्हंजे तिनं आंधीच हंडा काढलाय. न्हाई तर पत्र्याच्या जागी स्लॅब कुठून आला? आता सासऱ्याची धरणावरची पेन्शन ह्यांना काय ठावं न्हाई? पर हंडा म्हणायला ग्वाड लागतंय." पाइप खाली टाकून त्या म्हणाल्या, "चला घरी. आमच्या मामंजीला इचारा भुयाराचं. त्यायला कुणी इचारलंच न्हाई."

घर उताराच्या पायथ्याला, ओढ्यालगतच्या बौद्ध वस्तीत. किसनबाबा दारात बाजेवर बसले होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, अंगात पांढरा सदरा, पायात जाड तळव्याच्या चपला. मी जयभीम घातला. येलदरीचं धरण बांधायला ते तरुणपणी मजूर म्हणून गेले आणि पुढं तिथंच खलाशी, म्हणजे पाटबंधारे खात्यातले कामगार, म्हणून निवृत्त झाले. मी कोण, कशाला आलो, ते गयाबाईंनी सांगितलं.

"भुयार व्हय," ते म्हणाले. "आरं बाबा, त्या भुयारातलं पाणी पेलोय मी."

मला काही कळेना.

"पाट हाय त्यो. दगडाचा, वरून झाकलेला. बारव भरली की त्या भोकातून पाणी शिरायचं आन् हितं खाली, ह्या निंबाच्या पलीकडं कुंडीत पडायचं. आमाला बारवंत उतरू देत नव्हते. माझी माय हितंच घागर लावायची. जनावरं बी हितंच प्यायची. आधी जनावरं, मंग आमी."

मी वही उघडली. "म्हणजे हा पाट तुमच्या लोकांसाठीच बांधला होता?"

"हां, आता तू पुन्ना लिहायलास," ते म्हणाले. "आमचे म्हातारे म्हणायचे, आपल्यासाठी बांधला. गुरवाचे म्हातारे म्हणायचे, देवाच्या फुलबागंसाठी. पाटलाचे म्हणायचे, बैलासाठी. बांधणाऱ्याला कुणी पाह्यलंय? मी पेलो, तेवढं मला ठावं हाय. तेवढंच लिव्ह."

मी तेवढंच लिहिलं. किल्ला खोडला होता, त्या जागी दुसरं काहीतरी बसवायची घाई मला झाली होती.

गयाबाईंनी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ओल्या मिरचीचा ठेचा वाढला. जेवण झाल्यावर फावडं घेऊन निंबापलीकडची घाणेरीची झुडपं तोडली आणि किसनबाबा काठीनं दाखवतील तिथं उकरत गेलो. हाताला फोड आले. दोन फुटांवर दगड लागला. वरून पन्हळीसारखा कोरलेला, तोंडाशी ओठ काढलेला, आणि त्याच्या मागं गाळानं गच्च भरलेलं भोक. पन्हळ तर मिळाली. पण तिचा आणि वरच्या भोकाचा संबंध आहे, हे गावाला पटवायचं कसं?

किसनबाबा म्हणाले, "धरणाला पाझर लागला की तो कुठून यायलाय ते बघायला आमी वरच्या पाण्यात रंग सोडायचो. मंग खाली बसून ऱ्हायचं. इंजिनेरचा रंग येगळा असायचा. तुज्यापाशी काय हाय?"

माझ्यापाशी टेप होती.

"गुलाल हाय की," गयाबाई म्हणाल्या. "बालाजीनं अर्धं पोतं आणलंय, उंद्याच्या मिरवणुकीला."

संध्याकाळी बालाजीच्या घरी मुक्काम होता. जेवायच्या आधीच मी सांगून टाकलं, की लेख चुकला आहे, ते भुयार नसून पाण्याचा पाट आहे, भिंत काढू नका. त्यानं आतून माझा लेख आणला. छापून, वर प्लास्टिक चढवून ठेवला होता.

"हे तुमीच लिव्हलंय ना, सर? मी ग्रामपंचायतीत उभं राहून वाचून दाखवलं हे."

"हो. चुकीचं होतं."

"कोणती ओळ?"

"भुयाराच्या सगळ्याच."

"मंग तवा चुकीचं लिव्हलं, तर आज बोलायलाव ते बराबर कशावरून?"

मी त्याला सापडलेल्या पन्हळीचं आणि किसनबाबांच्या रंगाचं सांगितलं.

तो चिडला नव्हता, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, "सर, भुयार निघालं की लोक येतेत. लोक आले की रस्ता होतोय. ते दोन किलोमीटर तुमी चालत आलात ना? बाळंतपणाची बाई त्याच रस्त्यानं जाती. मला खजिना नगं हाय."

शेवटी असं ठरलं: सकाळी गुलाल सोडायचा. दहापर्यंत खाली रंग आला तर जेसीबी परत. नाही आला तर ठरल्याप्रमाणं काम सुरू, आणि मी अडवायचं नाही. मी हो म्हणालो, आणि म्हणताच वाटलं की उगाच म्हणालो. पाट मधेच फुटला असेल तर? पाणी जमिनीतच जिरलं तर? किसनबाबांना आठवतं तेच कशावरून खरं?

रविवार

शेतीची लाईट साडेनऊला जाणार होती. सातलाच गयाबाईंनी मोटार चालू करून पाइपाचं तोंड भोकात घातलं. बारवेतलंच पाणी वर येत होतं आणि बारवेच्याच भिंतीत शिरत होतं. मी बाराव्या पायरीवर बसून लांब बांबूनं आतला गाळ ढोसत होतो आणि बादलीत कालवलेला गुलाल ओतत होतो. थोड्याच वेळात माझे हात, बाह्या, वहीचा पुठ्ठा, सगळं गुलाबी झालं. पायऱ्यांवर गर्दी जमली होती.

"काय हो, लग्न हाय का भुयाराचं?"

"नवरदेव सकाळपासनं मांडवात बसलाय, नवरी काय यायली न्हाई."

किसनबाबा खाली पन्हळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. आठ वाजले, नऊ वाजले. दर दहा मिनिटांनी कोणीतरी खालून येऊन मान हलवायचं. सव्वानऊला जेसीबी आला. ड्रायव्हरनं त्याचं फावडं जमिनीला टेकवलं आणि सावलीत जाऊन बसला. साडेनऊला मोटार बंद पडली. अर्ध्या पोत्यातला निम्मा गुलाल संपला होता.

मी पळत खाली गेलो. पन्हळ कोरडी होती.

"गाळानं पाणी पेलंय," किसनबाबा म्हणाले. "दम धर. धरणावर आमी दोन-दोन दिवस बसायचो."

दोन दिवस कोणाकडं होते? पुन्हा वर आलो. दहाला पाच कमी असताना बालाजी माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, मी शब्द दिला तसा तुमी बी दिलाय." मी मान डोलावली. त्यानं ड्रायव्हरला हात केला आणि इंजिन चालू झालं. त्या आवाजानंच भिंतीतले दोन-चार बारके खडे सुटून पाण्यात पडले. ते मी पाहिले. बालाजीनंही पाहिले असावेत.

तेवढ्यात गयाबाई उतारावरून वर आल्या. पळत नव्हत्या. बालाजीसमोर उभ्या राहून त्यांनी उजवा तळवा उघडून दाखवला. गुलाबी होता, आणि ओला.

"गुलाल तर सकाळपासून सगळ्यायच्या हाताला लागलाय, मावशी," बालाजी म्हणाला.

"मंग हात बघू नगंस, चल," गयाबाई म्हणाल्या.

सगळे खाली गेले. पन्हळीच्या ओठावरून दोऱ्यासारखं बारीक गुलाबी पाणी ओघळत होतं. आमच्यासमोर ते जरा जाड झालं, मधे गाळाचा एक काळा गोळा बाहेर पडला, आणि त्याच्यामागून करंगळीएवढी धार लागली.

मला वाटलं होतं, आता सगळ्यांना कळेल. झालं भलतंच.

"म्हंजे भुयार हाय तर. वस्तीपतुर येतंय."

"मंग किल्ला हितंच होता म्हणायचा, ओढ्यात."

"हे पाण्याचं भुयार. घोड्याचं दुसरीकडं असंल."

"घोडा पोहत जायचा."

किसनबाबा खुर्चीवरून उठले. आवाज न चढवता त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की ते आणि त्यांची माय इथंच पाणी पीत होते, कारण वर बारवेत उतरू देत नव्हते, आणि कोण देत नव्हते हे इथल्या काही जणांच्या वडलांना माहीत होतं. हसणारे थांबले. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ म्हणाले, "तवाचा काळच तसा होता, किसनराव." किसनबाबा म्हणाले, "काळ न्हाई हो, मालक. माणसं होती."

जेसीबीच्या ड्रायव्हरनं बालाजीला विचारलं, "माझं काय? मला पुढं शेततळ्याचं काम हाय." बालाजीनं हातानंच जा म्हणून सांगितलं. भिंत आहे तशी राहिली. शाल मात्र त्यानं मला दिलीच, दुकानाच्या मागच्या दारात, फोटो न काढता.

दुपारी त्यानंच मला गाडीवरून येलदरीला नेलं. फाट्यापासून पुढं वळणावळणाचा रस्ता आहे आणि एका वळणावर अचानक पाणी दिसतं, ते चुकवू नका. धरणाच्या अलीकडं साध्या टपऱ्यांमध्ये तळलेला मासा, रस्सा आणि भाकरी मिळते. दोन माणसांचं पोट तीन-चारशेत भरतं. काट्यांचा मासा असतो, गप्पा मारत खाऊ नका. आम्ही गप्पा मारत नव्हतोच.

हात धुताना बालाजी म्हणाला, "सर, पाण्याचा पाट हाय असं लिव्हा. माझं काय म्हणणं न्हाई. पर ते किसनबाबाचं नका लिहू. गावात आता सगळे मिळून ऱ्हातेत. उगंच जुनं उकरायचं."

उकरायला जेसीबी बोलावणारा तोच होता. मला हसू आलं नाही. तो खोटं सांग म्हणत नव्हता, एक खरी ओळ वगळायला सांगत होता. बघतो, म्हणालो.

गंगाखेडला परत

परतीचा प्रवास जिंतूर-परभणी-गंगाखेड, सगळा एसटीनं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, जागा मिळाली.

आठवडाभर मी तो लेख उघडायचो आणि बंद करायचो. पाण्याचा पाट, एवढंच लिहिलं तर चूक नव्हती. बालाजी खूश राहिला असता. पण मग ते पाणी कोण पीत होतं, हा प्रश्न वाचणाऱ्याला पडलाच नसता, आणि तो पडू नये म्हणून मीच हात दिला असता. आणि पाट त्यांच्यासाठीच बांधला असं लिहिणं सोपं होतं, वाचायलाही चांगलं वाटलं असतं, पण ते मला माहीत नाही. शेवटी जुना मजकूर काढून वर चूक कबूल केली आणि खाली किसनबाबांचं बोलणं त्यांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. कोणी, कधी, कशासाठी बांधलं, यापुढं "माहीत नाही" लिहिलं.

बालाजीनं ते वाचलं. त्यानंतर त्याचा फोन नाही. रस्त्याचं काय झालं, हे विचारायचं धाडस मला होत नाही. एका वाचकानं लिहिलं, की मी कोणाकडून तरी पैसे घेऊन इतिहास पुसतोय. दुसऱ्यानं विचारलं, भुयार बघायला कोणत्या महिन्यात जावं. माझं जुनं वाक्य तिघा-चौघांनी आपापल्या पानांवर उचलून ठेवलंय, ते तसंच फिरतंय. त्यांना मी लिहिलं, एकाचंही उत्तर नाही. चुकीची गोष्ट मी दोन माणसांकडून ऐकून एका दुपारी लिहिली होती. ती मागं घ्यायला मला किती दिवस लागतील, हे मोजता येत नाही.

जाणार असाल तर पावसाळ्यानंतर जा. पायऱ्यांना शेवाळ असतं, काठी न्या. आणि खाली वस्तीत जाऊन पन्हळ नक्की बघा.

पन्हळीचं असं, की पोळा झाल्यावर गयाबाईंचा फोन आला. यंदा पाऊस बरा झाला. बारव भोकापर्यंत भरली आणि पाट मोकळा झालेला असल्यामुळं पाणी आपोआप खाली येऊ लागलंय, मोटार न लावता. मेथी चांगली आहे.

"आणि हंड्याचं काय म्हणतात?" मी विचारलं.

"आता म्हणतेत, हंडा वाहून आमच्या दारात आला. म्हणूनच मामंजीला ती जागा ठावं होती." त्या हसल्या. "आन् दुसरं ऐका. पन्हळीला शेंदूर लावलाय पोरायनी. पुढं सिमेंटचा वटा केलाय, अगरबत्त्या लावतेत. कोण एक महाराज हितं पाणी पेले होते म्हणं. पाटी लावलीय, चप्पल काढून या म्हणून."

कोणते महाराज, हे मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. गुलाल मीच ओतला होता, हे आठवलं. किसनबाबांना हे कळलंय का, विचारलं, तर गयाबाईंनी फोन त्यांच्याकडंच दिला.

"गेलो होतो की," किसनबाबा म्हणाले. "पाटी लागली त्याच दिवशी गेलो. बालाजीचा एक दोस्त हुबा होता. म्हणला, बाबा, चप्पल काढा."

"मग?"

"मी म्हणलं, बाबा, हितं मी बारा वर्षाचा होईपर्यंत पाणी पेलो, एकदा बी चप्पल घालून आलो न्हाई. कारण पायात नव्हतीच. आता हाय. तवा आज घालूनच पितो."

"काय म्हणाला तो?"

"काय म्हणंल? सरकला बाजूला."

पाणी कसं होतं, एवढंच विचारलं.

"गाळाचा वास यायलाय अजून," ते म्हणाले. "पर गार हाय."